बालकांचे रक्षण आणि ख्रिस्ती धर्मसंस्थेचे नियम

आजचा विषय चारचौघांत बोलावयास संकोच वाटावा असा आहे. ज्याच्या पायाशी मूल विश्वासाने बसते, त्या धर्मगुरूकडूनच मुलावर लैंगिक अत्याचार घडला तर धर्मसंस्थेने काय करावे, आणि तो घडूच नये म्हणून आधी कोणती तजवीज ठेवावी, हा तो विषय होय. संकोच स्वाभाविक आहे. परंतु याच संकोचाच्या आडोशाने हा अपराध शतकानुशतके चालत आला, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

उदाहरण म्हणून मी ख्रिस्ती धर्मसंस्था, आणि तीतही मुख्यतः रोमन कॅथलिक पंथ, घेतला आहे. एका धर्माची उणीदुणी काढावीत असा यात हेतू नाही. या संस्थेने आपले ठराव, आज्ञापत्रे आणि निवाडे अनेक शतके लेखी जतन केले, त्यामुळे या प्रश्नाचा इतिहास तिच्या दप्तरात जसा सलग वाचता येतो तसा अन्यत्र क्वचितच वाचता येतो. ज्या ज्या ठिकाणी अधिकारी प्रौढ आणि आईबापांपासून दूर असलेले मूल एका छपराखाली राहतात, त्या सर्व ठिकाणांना या इतिहासाचा बोध लागू आहे. तो बोध थोडक्यात असा : नियमांचा तुटवडा कधीच नव्हता. उणीव होती ती, अपराधाची वर्दी कोणी, कोणाकडे द्यावयाची, या एका गोष्टीत.

आरंभापासून पाहू. पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्या शतकाच्या आरंभी रचलेल्या ‘डिडाखे’ या ग्रीक शिकवण-ग्रंथात खून आणि व्यभिचार यांच्या जोडीलाच मुलांना भ्रष्ट करण्याचा स्पष्ट निषेध आहे. इ. स. ३०५ च्या सुमारास स्पेनमधील एल्विरा येथे धर्मपरिषद भरली. तिच्या एकाहत्तराव्या कलमाने असे ठरविले की, मुलांवर बलात्कार करणाऱ्यास मरणसमयीही प्रभुभोजनाचा प्रसाद देऊ नये. त्या काळच्या श्रद्धावंताला यापरती कठोर शिक्षा कल्पिता येत नव्हती. पुढे १०४९ च्या सुमारास इटलीतील पीटर डेमियन या साधूने धर्मगुरूंमधील लैंगिक दुराचारावर एक जळजळीत ग्रंथ लिहून तो पोप नववे लिओ यांना सादर केला. लिओ यांनी लेखकाची प्रशंसा केली, परंतु त्याने मागितलेली संपूर्ण कठोरता मात्र स्वीकारली नाही. १५६८ साली पोप पाचवे पायस यांनी आज्ञापत्र काढून असे फर्माविले की, अनैसर्गिक मानलेल्या दुराचाराबद्दल दोषी ठरलेल्या धर्मगुरूचा दर्जा काढून घेऊन त्यास राजसत्तेच्या हवाली करावे.

हे नियम वाचताना दोन गोष्टी जाणवतात. पहिली ही की, त्यांत अपराधी दिसतो, त्याचे पाप दिसते, त्याचे प्रायश्चित्त दिसते; मूल मात्र कोठेच दिसत नाही. त्याला इजा झाली, त्याचे सांत्वन करावयास हवे, त्याचे म्हणणे ऐकावयास हवे, ही कल्पना त्या कलमांत नाही. मुलावरील अत्याचार हा धर्मगुरूच्या ब्रह्मचर्याला लागलेला डाग, एवढाच त्याचा अर्थ होता. दुसरी ही की, तक्रार ऐकणारा, चौकशी करणारा आणि निकाल देणारा, हे तिन्ही अपराध्याचेच धर्मबंधू होते. १५६८ च्या आज्ञापत्रात बाहेरच्या सत्तेकडे जाण्याची वाट होती खरी. पण त्या वाटेचे दार आतूनच उघडावे लागे.

प्रतिबंधाच्या दृष्टीने जुन्या काळी एक उपाय मात्र मोठ्या व्यवहारज्ञानाने योजिला गेला. कॅथलिक पंथात भाविकाने धर्मगुरूजवळ एकांतात पापांची कबुली द्यावयाची असते. गोव्यात तिला कुमसार म्हणतात. या एकांताचा गैरफायदा घेतला जातो, हे सोळाव्या शतकात उघड झाले. तेव्हा मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमेओ यांनी कबुलीसाठी लाकडी कक्ष आणि धर्मगुरू व भाविक यांच्यामध्ये जाळीची भिंत असावी, असा दंडक घातला. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने तो सर्वत्र मान्य केला. माणसाच्या सद्गुणावर विसंबून न राहता सुताराच्या हातून सुरक्षितता निर्माण करणे, हे या उपायाचे मर्म होते. आज वर्गाच्या दाराला काच बसवा आणि बंद खोलीत एकटे मूल व एकटा प्रौढ राहू देऊ नका असे सांगतात, त्यामागे तेच मर्म आहे.

कबुलीच्या वेळी दुराचाराची मागणी करणाऱ्या धर्मगुरूविरुद्ध १६२२ साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी आणि १७४१ साली पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी कडक आज्ञापत्रे काढली. पोर्तुगीज मुलखात असे खटले इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाकडे जात. गोव्यात हे न्यायालय १५६० साली स्थापन झाले आणि मधला अल्पसा खंड सोडल्यास १८१२ पर्यंत चालले. आपल्याकडे त्याची आठवण राहिली आहे ती हिंदूंच्या आणि नवख्रिस्त्यांच्या छळासाठी, आणि ती यथार्थ आहे. परंतु ज्या न्यायालयाचे नाव ऐकताच प्रजेचा थरकाप होई, त्याच्याच दारी जाऊन एखाद्या अबलेने वा अल्पवयीन मुलाने धर्मगुरूविरुद्ध बोलावे, अशी ही व्यवस्था होती. ज्याच्या दारी जाण्याचीच भीती वाटते, त्याच्याकडे दाद मागण्याची सोय असून नसल्यासारखीच.

आता एक प्रसंग सांगतो, तो शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. जोसेफ कॅलासान्झ या स्पॅनिश धर्मगुरूने १५९७ साली रोममध्ये गोरगरिबांच्या मुलांसाठी मोफत शाळा काढली. युरोपातील अशा पहिल्या शाळांपैकी ती एक होय. तिच्यातून पिआरिस्ट नावाचा शिक्षकांचा संघ उभा राहिला. या संघातील स्टेफानो केरुबिनी हा नेपल्स येथील शाळेचा प्रमुख. त्याच्या मुलांशी असलेल्या गैरवर्तनाची तक्रार १६२९ साली कॅलासान्झ यांच्या कानी गेली. केरुबिनीचे घराणे रोमच्या दरबारी वजनदार होते. बभ्रा होऊ नये म्हणून कॅलासान्झ यांनी त्याला नेपल्समधून हलविले, आणि हलविताना वरची जागा दिली. बाहेरच्यास वाटावे, माणसाची बढती झाली! पुढे १६४३ साली हाच केरुबिनी वजनाच्या जोरावर साऱ्या संघाचा प्रमुख झाला आणि वृद्ध कॅलासान्झ बाजूला पडले. १६४६ साली पोप दहावे इनोसंट यांनी या संघाचा दर्जा काढून घेतला. तो पूर्ववत मिळावयास १६६९ साल उजाडले.

कॅलासान्झ हे दुष्ट पुरुष नव्हते. १७६७ साली त्यांना संतपद देण्यात आले आणि १९४८ साली पोप बारावे पायस यांनी त्यांना ख्रिस्ती लोकशाळांचे संरक्षक संत म्हणून घोषित केले. माझ्या मते या कथेचा खरा चटका येथेच आहे. संस्थेवर पोटच्या पोराप्रमाणे प्रेम करणारा सज्जन मनुष्यच संस्थेचे नाव राखण्यासाठी मुलांचा बळी देऊन बसतो. दुर्जनाला आवर घालणारा नियम करणे सोपे आहे. सज्जनाच्या संस्थाप्रेमाला आवर घालणारा नियम करावयास आणखी साडेतीनशे वर्षे लागली.

विसाव्या शतकात हा रोग बळावला. १९२२ साली रोमच्या धर्मपीठाने कबुलीतील दुराचाराविषयी बिशपांना एक गोपनीय सूचनापत्र पाठविले आणि १९६२ साली ते पुन्हा काढले. त्यात लहान मुलांवरील अत्याचाराचाही समावेश होता. अपराध गंभीर मानला होता, शिक्षाही होती. परंतु न्यायाधीश, साक्षीदार आणि खुद्द तक्रारदार, या साऱ्यांकडून मौनाची शपथ घ्यावयाची होती. हे पत्र छापून प्रसिद्ध करावयाचे नव्हते, गुप्त दप्तरात ठेवावयाचे होते. ज्या भाविकांच्या मुलांसाठी नियम केला, त्यांना तो नियम अस्तित्वात आहे याचाच पत्ता नव्हता.

धोक्याची जाणीव कोणालाच नव्हती असेही म्हणता येत नाही. अमेरिकेत बिघडलेल्या धर्मगुरूंच्या सुधारणेसाठी १९४७ साली आश्रम काढणारे फादर जेराल्ड फिट्झजेराल्ड हे, मुलांवर अत्याचार करणाऱ्यांना पुन्हा सेवेत घेऊ नका, असे १९५० नंतरच्या दशकातच बिशपांना लिहीत होते. १९८५ साली लुइझियाना प्रांतातील एका धर्मगुरूचा खटला गाजला, तेव्हा धर्मशास्त्री थॉमस डॉइल, एक वकील आणि एक मनोविकारतज्ज्ञ अशा तिघांनी तपशीलवार अहवाल बिशपांपुढे ठेवला. तो मागे पडला. जानेवारी २००२ मध्ये ‘बॉस्टन ग्लोब’ या वृत्तपत्राने बॉस्टनची कागदपत्रे उजेडात आणली, तेव्हा साऱ्या जगाला दिसले की, तक्रार आली की धर्मगुरूला उपचारास पाठवावयाचे, आणि नंतर दुसऱ्या वस्तीतील चर्चवर नेमावयाचे, असा परिपाठच पडला होता. नव्या वस्तीतील आईबापांना अर्थातच काही सांगितले जात नसे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तेथील कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना पद सोडावे लागले. बिशपांनीच नेमलेल्या अभ्यासमंडळाने २००४ साली प्रसिद्ध केलेला आकडा असा की, १९५० ते २००२ या काळात अमेरिकेत ४,३९२ धर्मगुरूंवर असे आरोप झाले आणि तक्रार करणाऱ्या व्यक्ती १०,६६७ होत्या.

श्रोतेहो, आपल्या मराठीत या परिपाठाला एकच सुटसुटीत शब्द आहे : बदली. सरकारी कचेरी असो, शाळा असो, वसतिगृह असो, गैरवर्तनाची कुजबूज झाली की बदली. बदलीने संस्थेची अडचण मिटते, अपराध्याला नवे मैदान मिळते, आणि मुलांच्या एका तुकडीवरचे संकट दुसऱ्या तुकडीवर जाते.

२००२ च्या जूनमध्ये अमेरिकेतील बिशपांनी डॅलस येथे जमून सनद केली. अल्पवयीनावरील अत्याचाराची प्रत्येक तक्रार सरकारी अधिकाऱ्यांना कळवावयाची. तक्रारी तपासण्यासाठी बहुसंख्य सामान्य भाविक असलेले मंडळ नेमावयाचे. मुलांत काम करणाऱ्या प्रत्येकाची पूर्वपीठिका पाहावयाची. आणि हे सारे होते की नाही याची दरवर्षी तपासणी करावयाची, अशी तिची मुख्य कलमे होत. २०११ साली रोमने प्रत्येक देशाच्या बिशपमंडळाला असे मार्गदर्शक नियम तयार करण्यास फर्माविले. फेब्रुवारी २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी याच प्रश्नावर जगभरच्या बिशपमंडळांच्या अध्यक्षांची परिषद रोममध्ये भरविली. तिच्या संयोजकांत मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशस हे एक होते. त्यानंतर मे महिन्यात निघालेल्या आज्ञापत्राने प्रत्येक धर्मगुरूवर आणि व्रतस्थावर तक्रार वर कळविण्याचे बंधन घातले, बिशपांविरुद्धच्या चौकशीचीही रीत ठरवून दिली आणि तक्रारदाराला मौनात बांधण्यास मनाई केली. डिसेंबर २०१९ मध्ये अशा खटल्यांवरील ‘पोपचे गुपित’ हा पडदा दूर झाला. २०२१ साली धर्मसंहितेच्या दंडविभागाची फेररचना झाली, तीत मुलांवरील अत्याचार हा गुन्हा धर्मगुरूंच्या कर्तव्यभंगाच्या सदरातून काढून मनुष्याचे जीवित, प्रतिष्ठा आणि स्वातंत्र्य यांविरुद्धच्या गुन्ह्यांच्या सदरात घातला गेला. सदर बदलले इतकेच, असे कोणी म्हणेल. परंतु एल्विरापासून सतरा शतके जे मूल कलमांत दिसत नव्हते, ते येथे प्रथम दिसू लागले.

आता आपल्या देशाकडे वळू. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, ज्यास सर्वत्र पॉक्सो म्हणतात, तो १४ नोव्हेंबर २०१२ रोजी अमलात आला. त्याच्या एकोणिसाव्या कलमान्वये असा अपराध घडल्याची माहिती ज्याला आहे, त्या प्रत्येक व्यक्तीवर पोलिसांना वर्दी देण्याचे बंधन आहे. यात धर्मगुरूंना वा मठाधिपतींना वगळलेले नाही. पापाच्या कबुलीचाही अपवाद लिहिलेला नाही. हाताखालच्या माणसाचा अपराध दडविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद आहे. शिक्षणसंस्थेच्या अथवा धर्मसंस्थेच्या सेवकाने त्याच संस्थेतील मुलावर केलेला अत्याचार हा अधिक गंभीर मानला आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी, पोलिसी गणवेशाविना, आणि शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने घ्यावा असेही सांगितले आहे. इन्क्विझिशनच्या दाराशी उभ्या राहिलेल्या मुलाची आठवण ठेवली म्हणजे या शेवटच्या कलमाचे मोल कळते.

कायदा झाला म्हणजे कार्य झाले असे नाही. २०१५ साली मुंबईत गोवंडीच्या शिवाजीनगर भागातील चर्चच्या धर्मगुरूने एका अल्पवयीन मुलावर अत्याचार केला. मुलाचे कुटुंब आधी धर्मपीठाकडे गेले, मग पोलिसांकडे. विशेष न्यायालयाने त्या धर्मगुरूला जन्मठेपेची शिक्षा दिली ती डिसेंबर २०२१ मध्ये. खटला शक्यतो एका वर्षात संपवावा असे कायदा सांगतो. येथे सहा वर्षे लागली. मधल्या काळात, २०१९ च्या फेब्रुवारीत, बीबीसीने या प्रकरणी धर्मपीठाच्या वर्तनावर टीका करणारे वृत्त दिले, आणि अशा तक्रारी अधिक चांगल्या रीतीने हाताळता आल्या असत्या, असे कार्डिनल ग्रेशस यांनी मान्य केले. रोमच्या परिषदेचे संयोजन करणाऱ्या धर्माधिकाऱ्याच्याच शहरातील ही हकीकत आहे. कागदावरचा नियम आणि त्याचा अंमल यांत किती अंतर असते, हे यावरून कळावे.

धर्मगुरूचा झगा नसला तरी सत्कृत्याचा झगा तेच काम करतो, याचे उदाहरण गोव्यात आहे. मडगाव येथे फ्रेडी पीट्स नावाचा मनुष्य अनाथ मुलांचा आश्रम चालवीत असे व समाजात त्याला मान होता. १९९१ साली त्याला अटक झाली आणि तो परदेशी गिऱ्हाइकांना मुले पुरवीत असल्याचे उघडकीस आले. १९९६ साली त्याला जन्मठेप झाली. गोवा राज्याने २००३ साली बालकांसाठी स्वतंत्र कायदा व न्यायालय केले. पॉक्सोच्या नऊ वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

हे सारे ब्रह्मपुरीत बसून मी का सांगतो? आमच्या चांदा मुलखात ख्रिस्ती मिशनऱ्यांचे काम जुने आहे. सिरो-मलबार पंथाचे चांदा मिशनक्षेत्र १९६२ साली स्थापन झाले आणि त्या पंथाला लागू असलेल्या पौर्वात्य धर्मसंहितेचा दंडविभागही २०२३ साली नव्या नियमांस अनुसरून सुधारला गेला. परंतु आमच्याकडे घर सोडून राहणाऱ्या मुलांची मोठी संख्या मिशनच्या छपराखाली नसून आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत आहे. वैनगंगेपलीकडे कुरखेडा, कोरची, धानोरा, आणि दक्षिणेस भामरागडपर्यंतच्या रानातील गोंड-माडिया पोरे सहाव्या-सातव्या वर्षी आईबापांना सोडून तेथे राहावयास येतात. कित्येकांची घरची बोली शिक्षकाला समजत नाही. घर दूर, आईबाप सणावारी भेटणार, आणि तक्रार करावयाची तर ती ज्याच्या हाती जेवणाचे ताट आहे त्याच्याकडेच! २०१६ साली बुलढाणा जिल्ह्यात खामगाव तालुक्यातील पाळा येथील आश्रमशाळेत, आणि २०१९ साली आमच्याच जिल्ह्यात राजुरा येथील एका खाजगी वसतिगृहात, आदिवासी मुलींवरील अत्याचाराची प्रकरणे उघडकीस आली. या दोन्ही ठिकाणी आरोपी धर्मगुरू नव्हते. धर्मसंस्थेच्या इतिहासाला जो रोग जडला होता, त्याला धर्माची गरज नसते. बंद दार, एकतर्फी अधिकार आणि संस्थेच्या नावाची काळजी, एवढे त्यास पुरते.

यास्तव पालकांनी आणि संस्थाचालकांनी या इतिहासातून तीन गोष्टी घ्याव्यात. मूल कोठेही ठेवण्यापूर्वी पालकांनी हे विचारावे की, येथे मुलाला काही सांगावयाचे झाल्यास संस्थेबाहेरचा कोण मनुष्य त्याला भेटतो, आणि १०९८ हा बालकांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक मुलाला दिसेल अशा जागी लिहिला आहे काय. असे विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही. चांगल्या संस्थेला हा प्रश्न आवडावयास हवा. संस्थाचालकांनी, तक्रार आल्यावर खरेखोटे आपण ठरवू आणि मग पाहू, हा मोह टाळावा. तो अधिकार कायद्याने त्यांच्याकडे ठेवलेलाच नाही. आणि आपण सर्वांनी, मूल अडखळत, लाजत, अर्धवट काही सांगू लागले तर, ‘गुरुजींबद्दल असे बोलू नये’ हे वाक्य उच्चारू नये. आजवर जी मौनाची शपथ मुलांकडून घेतली गेली, ती बहुतेक वेळा रोमच्या गुप्त पत्राने नव्हे, तर घरच्याच या वाक्याने.

गुरूचा मान आपल्या संस्कृतीत मोठा आहे आणि चाळीस वर्षे खडू हाती धरलेल्या मजसारख्यास तो कमी व्हावा असे वाटणार नाही. परंतु कॅलासान्झ यांची कथा सांगते की, गुरूचा मान राखण्यासाठी शिष्याचे तोंड बंद केले, तर अखेर शाळा जाते आणि मानही जातो. जो मान तपासणीला टिकतो, तोच खरा.